ज्याचं जळतं त्याला कळतं, मग त्यालाच का विचारू नये?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



लागण, खोडवा, बेणे, हुमणी आणि पाण्याच्या पाळ्या याखेरीज अन्य विषयावर शेतकी खात्याने या पत्रिकेत लिहिण्याचा प्रघात नाही. या अंकात मी तो थोडा मोडतो आहे. विषय आहे आपल्या कार्यक्षेत्रातील अपंग सभासदांचा, सभासदांच्या घरातील अपंग माणसांचा आणि ज्यांच्या मेंदूची ठेवणच जन्मतः निराळी आहे अशा मुलांचा व मोठ्यांचाही. त्यांच्यासाठी काय करावे यावर बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांना स्वतःला काय म्हणायचे आहे ते त्यांच्या तोंडून ऐकण्याची जागा मात्र आपल्याकडे नाही. सभासदांच्या मालकीच्या संस्थेत तरी ती असली पाहिजे, एवढेच मला सांगावयाचे आहे. हे माझे वैयक्तिक मत आहे. कारखान्याचे धोरण म्हणून कोणी वाचू नये.

३ डिसेंबर हा जागतिक अपंग दिन. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ साली तो ठरवून दिला. त्या सुमारास आपला हंगाम ऐन भरात असतो, तरीही तालुक्यात कुठे ना कुठे कार्यक्रम होतो. हार-नारळ होतात, तीनचाकी सायकली वाटल्या जातात, फोटो निघतो. फोटोखाली देणाऱ्यांची नावे डावीकडून उजवीकडे क्रमाने छापली जातात. घेणाऱ्याचे नाव नसते. तो ‘लाभार्थी’ असतो. त्याच्या हातात ध्वनिक्षेपक दिलाच तर तो आभार मानण्यापुरता. ही सायकल तुझ्या वस्तीपर्यंत जाईल का, असे कोणी त्याला विचारलेले मी तरी ऐकलेले नाही. रांजणगावच्या मुरमाड माळावर ती कशीबशी चालेल. पण घोड आणि भीमेच्या काठच्या काळ्या रानात, पाणंदीला चिखल झाल्यावर, जिथे आमची मोटारसायकल रुतून बसते, तिथे ती सायकल कोण ओढणार? सहा महिन्यांनी त्याच सायकलीवर वैरणीच्या पेंढ्या ठेवलेल्या दिसतात आणि आपण म्हणतो, बघा, दिलेल्याची किंमत नाही यांना. त्याला आधी विचारले असते तर त्याने कदाचित सायकल मागितलीच नसती. वस्तीवरून डांबरी रस्त्यापर्यंत शंभर फूट मुरूम टाका, असे म्हणाला असता.

आपली विचारण्याची सवयच नाही. गावातली हाक मारायची पद्धत पाहा. एका गावात एकाच नावाचे तीन सभासद असले म्हणजे ओळख पटावी म्हणून कोणाच्या नावापुढे मळ्याचे नाव लागते, कोणाच्या पुढे वस्तीचे. आणि एखाद्याच्या नावापुढे लागते बहिरा, थोटा, लंगडा, मुका, खुळा. बोलण्यातले हे शब्द कधी कधी पेन्सिलीने कंसात गटाच्या वहीतही येतात. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट नसते, ओळखीची खूण एवढाच हेतू. पण ज्याच्या नावापुढे कंस पडला त्याला कोणी विचारलेले नसते. वरच्या पातळीवरही निराळे नाही. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला आणि पुढे सरकारी कागदोपत्री तोच रूढ झाला. त्या वेळी अपंगांच्या काही संघटनांनी हरकत घेतली होती. आमच्या अंगात दिव्य काही नाही, आम्हाला जिना चढायला रॅम्प द्या, असा त्यांचा सूर होता. इतर कित्येकांना तो शब्द मानाचा वाटतो. मी या लेखात ‘अपंग’ लिहिले आहे, कारण आपल्याकडे बोलण्यात तोच आहे. ज्याला दुसरा शब्द हवा त्याने खुशाल सांगावे, पुढच्या अंकात तो छापू.

संख्या किती, तर २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंगांची नोंद झाली आणि त्यांतील सुमारे ६९ टक्के खेड्यात राहणारे होते. महाराष्ट्रात हा आकडा २९ लाखांवर होता. या नोंदीत स्वमग्नतेचा, म्हणजे ज्याला इंग्रजीत ऑटिझम म्हणतात त्याचा, वेगळा रकानाच नव्हता. शिवाय घरात असे मूल आहे हे गणनेला आलेल्या गुरुजींना सांगणारी घरे किती असतील, ते तुम्ही-आम्ही जाणतो. पाहुणे आले की आतल्या खोलीत, आणि सोयरीक जुळवायची असली की मामाच्या गावी. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्या जागी आलेल्या २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले, त्यांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांचाही समावेश झाला.

या दुसऱ्या प्रकाराबद्दल दोन शब्द, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. कुबडी दिसते, काठी दिसते. पण अक्षरे डोळ्यांपुढे गोंधळ घालतात म्हणून ज्याला वाचता येत नाही, तो आपल्या लेखी ‘ढ’. ज्याला एका जागी चित्त ठेवता येत नाही तो द्वाड, आणि जो नजरेला नजर देत नाही, एकच गोष्ट तासन् तास घोकतो, तो खुळा किंवा बाहेरचा झालेला. अशांसाठी ‘न्यूरोडायव्हर्स’ असा शब्द हल्ली निघाला आहे. अर्थ इतकाच की मेंदूच्याही अनेक जाती असतात, सगळे एकाच साच्याचे नसतात. उसवाल्याला हे समजायला जड जाऊ नये. को ८६०३२ ला जे चालते तेच फुले २६५ ला चालेल असे आपण धरत नाही. चोपण रानात २६५ तग धरतो म्हणून तिथे तो लावतो, आणि त्याला ८६०३२ ची बिघडलेली जात असे कोणी म्हणत नाही. अर्थात माणूस म्हणजे बेणे नव्हे. बेण्याला विचारता येत नाही, माणसाला येते. आपल्या सभासदांत असे काही आहेत की जे नववीपर्यंत शाळेत गेले, बांधावर उभे राहून एकरी टनेज अचूक सांगतील, पण नोंदणीचा फॉर्म पुढे केला की ‘चष्मा घरी राहिला’ म्हणतात. अडाणी म्हणून आपण त्यांना सोडून देतो. आज त्यांच्या नातवांना शाळेत तपासणी करून घेता येते, दहावी-बारावीला मंडळ जादा वेळही देते. आजोबांना मात्र फॉर्म मोठ्याने वाचून दाखवा असे म्हणायची लाज वाटते.

आता एक उदाहरण सांगतो. एका गटाच्या मेळाव्यात पाचट कुजविण्याचे भाषण संपल्यावर एक बाई मागे थांबल्या. त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. घर कारखान्याच्या जवळ. दर पाळीला भोंगा झाला की मुलगा कान दाबून भिंतीवर डोके आपटून घेतो, सगळा हंगाम असा जातो. “साहेब, भोंगा बंद करता येईल का हो, निदान रात्रीचा?” असे त्यांनी विचारले. भोंगा बंद करणे माझ्या हातात नव्हते, तसे सांगितले. मुलगा शेजारीच उभा होता, माझ्याकडे न बघता बोटांनी काहीतरी मोजत होता. त्यालाच विचारावे म्हणून विचारले, “भोंगा झाल्यावर काय होतं रे?” बराच वेळ गेला. आई त्याच्या वतीने उत्तर देऊ लागली, तिला मी थांबविले. मग तो म्हणाला, “आधी सांगा.” एवढेच, आणि तेच चार वेळा. भोंग्याच्या वेळा त्याला मिनिटापर्यंत पाठ होत्या; पण भोंगा कधी दोन मिनिटे लवकर, कधी उशिरा होतो आणि त्या दोन मिनिटांनी त्याचा जीव जातो. त्याला भोंगा बंद नको होता. तो ठरल्या वेळेला हवा होता, आणि फरक पडणार असेल तर अगोदर कळायला हवे होते. हे त्याच्या आईलासुद्धा ठाऊक नव्हते, आणि त्या माउलीने त्याच्यासाठी काय केले नाही! टाइम ऑफिसच्या मंडळींना मी ही गोष्ट सांगितली. घड्याळ मिलवून भोंगा देणे त्यांना अवघड नव्हते. तसे आता होते आहे. सगळा त्रास गेला असे मी म्हणणार नाही, पण भिंतीवर डोके आपटणे कमी झाले असे बाई सांगतात. यात खर्च किती आला? शून्य रुपये.

आईबापांचे म्हणणे महत्त्वाचे आहे, पण ते आईबापांचे म्हणणे आहे. मुलाचे म्हणणे वेगळे असू शकते. दोन्ही ऐकावीत, पण एकाच्या जागी दुसरे धरू नये.

जगाच्या दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण आपल्याच धंद्याशी जुळणारे आहे. अमेरिकेत टेम्पल ग्रँडिन नावाच्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका आहेत. जन्म १९४७ चा. साडेतीन-चार वर्षांच्या होईपर्यंत त्या बोलत नव्हत्या. त्या स्वमग्न आहेत. त्यांचा विचार शब्दांत चालत नाही, चित्रांत चालतो, असे त्या स्वतः सांगतात. तिकडच्या मोठ्या गोठ्यांत आणि कत्तलखान्यांत गुरे अरुंद वाटेने पुढे नेताना बुजत, मागे सरत, माणसे त्यांना टोचत, मारत. बाई त्या वाटेत स्वतः उतरल्या आणि गुराच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहिले. कुठे साखळी लोंबकळते आहे, कुठे कुंपणावर कोट टाकला आहे, कुठे डबक्यात ऊन चमकते आहे, असे त्यांना दिसले. एवढ्या बारीक गोष्टींनी जनावर थबकत होते आणि रोज तिथे काम करणाऱ्यांच्या ते ध्यानात आले नव्हते. त्यांनी वळणाच्या वाटा आखल्या, आज त्या देशात मोठ्या प्रमाणावर तीच पद्धत आहे. मांसाचा धंदा आपल्यापैकी अनेकांना रुचणार नाही, तो वाद वेगळा. मला आपल्या टायरगाडीचे बैल आठवतात. काट्याच्या लोखंडी पत्र्यावर पाय ठेवताना बैल बुजला की गाडीवान चाबूक काढतो. तो कशाने बुजला, हे आपल्यापैकी कोणी खाली वाकून पाहिले आहे काय? ग्रँडिनबाईंनी १९८६ साली स्वतःच्या आयुष्यावर पुस्तक लिहिले. स्वमग्न माणसाला आतून काय वाटते हे त्या माणसाच्याच शब्दांत वाचायला मिळाले, अशा पहिल्या काही पुस्तकांत ते धरले जाते. त्याआधी बहुतेक करून दुसरेच लिहीत होते.

आपल्या भाषेतही असे आवाज नाहीत असे नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्यात कमरेखाली लुळेपण आले. त्यांच्यासारख्याच चाकाच्या खुर्चीवरून कारभार पाहणाऱ्या एका गृहस्थांची भेट झाली आणि त्यांचे आयुष्य पालटले. हे मला फार बोलके वाटते, की धडधाकट माणसांच्या उपदेशाने जे झाले नाही ते त्याच वाटेने गेलेल्या माणसाच्या चार शब्दांनी झाले. १९८४ साली त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली, आणि पुढे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन लिहिले. ज्यांच्या घरात असा प्रसंग आला आहे त्यांनी ते मिळवून वाचावे. दुसरे उदाहरण ‘स्पर्शज्ञान’चे. स्वागत थोरात यांनी २००८ साली ब्रेल लिपीत हे मराठी पाक्षिक सुरू केले. तोपर्यंत अंध माणसाला वर्तमानपत्र म्हणजे कोणीतरी वाचून दाखवील तेव्हा आणि वाचून दाखवील तेवढेच. वाचणाऱ्याला कंटाळा आला की बातमी संपली. आपली ही पत्रिका दर अंकाला घरोघर जाते. ती न दिसणाऱ्या किती सभासदांच्या घरी जाते आणि तिथे ती कोण वाचून दाखवते, याची नोंद आपल्याकडे नाही.

याहून जुने पाहायचे तर नाथमहाराजांच्या भारुडांत आंधळा, पांगळा, बहिरा, मुका ही सगळी पात्रे बोलतात. आपल्या भागात यात्रेजत्रेला ती सोंगे अजूनही निघतात. अर्थ परमार्थाचा आहे आणि तो थोरच आहे. पण सोंग घेणारा धडधाकट असतो, आणि खरा आंधळा, खरा पांगळा देवळाच्या पायरीशी बसलेला असतो.

आणखी एका गोष्टीपासून सावध राहावे असे मला वाटते. ऐकायचे म्हटले की आपल्याला जिद्दीची कहाणी हवी असते. इस्लामपूरकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या स्पर्धेत पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. अपंगांच्या ऑलिंपिकमधले ते भारताचे पहिले सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, आणि सिनेमा निघाला २०२४ साली. आटपाडी तालुक्यातील करगणीच्या सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत गोळाफेकीत रौप्यपदक आणले. या दोघांपुढे मान लवलीच पाहिजे. पण पदक आणले तरच ऐकू, हा कुठला न्याय? धडधाकट सभासदाला सभेत बोलायला आपण कोणते पदक मागतो? कित्येकजण तर उभे राहून एकच गोष्ट तीन वर्षे बोलत आहेत, आणि आपण तीही ऐकून घेतो! अपंग माणसालाही कुरकुर करण्याचा, भांडण्याचा, चुकीचे बोलण्याचा तेवढाच हक्क असावा.

वार्षिक सर्वसाधारण सभेचेच घ्या. सप्टेंबरअखेर सभा होते. मांडव, कर्णे, घोषणा, विषय वाचून झाला की ‘मंजूर, मंजूर’चा गजर. ज्याला ऐकू येत नाही असा सभासद या गदारोळात बसलेला असतो. शेजाऱ्याने हात वर केला की तो करतो. त्याचा शेअर आहे, त्याचा ऊस आहे, त्याची ठेव कापली जाते, पण कशाला हात वर केला हे त्याला घरी गेल्यावर कळते, कळले तर. कर्ण्याचा आवाज वाढवून उपयोग नाही. त्याने फक्त बाकीचे बहिरे होतील. एका अशा सभासदाने मला कागदावर लिहून दिले होते की विषय क्रमांक तेवढा मोठ्या फळ्यावर खडूने लिहीत जा आणि मला पुढे बसवा, बाकी माझे मी बघतो. त्यांच्या घरी खुणांची भाषा आहे. पाण्याच्या पाळीला एक खूण, टोळी आली त्याला एक, बिल जमा झाले त्याला तर फारच झकास खूण आहे. ती घरापुरतीच. सगळ्या देशात चालणारी भारतीय सांकेतिक भाषा आहे, तिचा शब्दकोश तयार आहे, शिकविण्याची संस्था आहे. आपल्या शाळांतून तिचे चार धडे सर्वच मुलांना दिले तर काय बिघडेल?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर पहिल्यांदाच ८५ वर्षांवरील मतदारांचे आणि ४० टक्क्यांवर अपंगत्व असणाऱ्यांचे मत, त्यांनी तशी मागणी केल्यास, घरी जाऊन घेतले गेले. देशाच्या मतासाठी माणूस वस्तीवर जातो, तर गावाच्या कारभारात एवढे अवघड का व्हावे? ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातून ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावयाची असते. ती कशावर खर्च झाली हे ज्याने विचारायचे तो ग्रामसभेला पोचत नाही, कारण सभा वरच्या मजल्यावर असते. मग पैसा कशावर तरी खर्ची पडतो आणि कागद पुरा होतो.

अपघाताने अपंग झालेल्यांचे ज्ञान तर आपण वायाच घालवतो. मळणी यंत्रात, कडबाकुट्टीत, गुऱ्हाळाच्या चरकात हात गेलेली माणसे आपल्या गावांतून आहेत. मळणी यंत्राचे अपघात इतके झाले की १९८३ साली त्यासाठी धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. आपण सुरक्षिततेवर व्याख्यान ठेवतो ते यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या माणसाचे. हात गेलेला माणूस मागच्या रांगेत बसून ऐकतो. पेंढी कुठल्या कोनातून ओढली जाते, बाहीची गुंडी सुटी असली की काय होते, रात्री उजेड कोणत्या बाजूने हवा, बटण हाताच्या अंतरावर का पाहिजे, हे त्याच्याइतके कोणाला माहीत आहे? एकदा त्याला व्याख्यानाला उभे करून बघा. त्याने तयार असले पाहिजे, हे आलेच. नको म्हणाला तर तेही त्याचे म्हणणेच.

तोडणीच्या टोळ्यांतही हे चित्र आहे. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. पायाने अधू असलेला माणूस खाली बसून मोळ्या बांधतो, वाढे बाजूला काढतो, खोपीवर पोरे सांभाळतो. मुकादमाच्या हिशोबात तो अर्धा कोयतासुद्धा नाही. त्याचा दाखला असला तर बीडच्या नाही तर नगरच्या गावी पेटीत असतो. हे आपले सभासद नाहीत, पण आपली साखर त्यांच्या हातून जाते. त्यांचे कोणी विचारावे? मला वाटते, फडावर रोज जाणाऱ्या चिटबॉयने, आणि त्याने जे ऐकले ते शेतकी ऑफिसला कळवावे.

आता मुख्य गोष्ट, जी मंडळी चारचौघांत बोलत नाहीत. “आमच्या माघारी याचं कसं?” हा प्रश्न प्रत्येक आईबापाला रात्री जागवतो. जमीन आहे, शेअर आहे, ऊस नोंदीला आहे. भावंडे म्हणतात, त्याला काय करायची आहे जमीन, आम्ही सांभाळू की त्याला. आणि एक दिवस तहसीलला किंवा नोंदणी कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर त्याचा अंगठा घेतला जातो. काही भाऊ खरोखर सांभाळतात, त्यांना माझा नमस्कार. काही सांभाळत नाहीत. पण दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखीच, ती म्हणजे ज्याचा अंगठा घेतला त्याला कोणी समजावून विचारलेले नसते.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. २०१६ च्या कायद्याप्रमाणे अपंग व्यक्तीला इतरांइतकाच मालमत्ता धारण करण्याचा आणि वारसाने मिळविण्याचा हक्क आहे. तिला निर्णय घेताना कोणी मदत करीत असेल आणि त्या व्यवहारात मदत करणाऱ्याचा स्वतःचा स्वार्थ असेल, तर त्या व्यवहारापुरते त्याने बाजूला व्हावयाचे आहे. म्हणजे ज्या भावाच्या नावे हक्क सोडायचा त्यानेच समजावून सांगायला बसू नये. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, मूल अठरा वर्षांचे झाल्यावर गरज असल्यास ती कायदेशीर पालक नेमून देते, आणि त्या समितीवर एक अपंग सदस्य असावा लागतो. सहकार कायद्यात करार करण्यास पात्र असलेल्या व्यक्तीलाच सभासद होता येते. म्हणून आईबाप हयात असतानाच हे कागद नीट करावेत, शेअरचे नामनिर्देशन करावे, आणि ते करताना त्या मुलाला-मुलीला समोर बसवावे. त्याला शब्द कळत नसतील, तरी कोणाजवळ राहायला आवडते, कोणाच्या घरात तो घाबरतो, हे तो दाखवतो. बघणारा पाहिजे.

ज्याला बोलताच येत नाही तो काय सांगणार, असे मला एका जुन्या सभासदांनी विचारले. वयाने वडीलधारे, त्यांच्याशी मी वाद घातला नाही. पण त्यांच्याच गोठ्यातली गाय आजारी आहे हे तिने न बोलता त्यांना पहाटे तीन वाजता कळते. एवढा कान ज्या माणसाला आहे त्याला घरातल्या माणसाचे कळणार नाही हे मला पटत नाही.

तेव्हा मी संपादक मंडळाकडे अशी विनंती केली आहे की पुढील अंकापासून पत्रिकेचे अर्धे पान या मंडळींसाठी ठेवावे. शीर्षक त्यांनीच सुचवावे. ज्यांना लिहिता येते त्यांनी गट कार्यालयात कागद द्यावा. लिहिता येत नसेल त्यांनी फोनवर बोलून पाठवावे किंवा चिटबॉयला सांगावे. सांगितले तसे, बोलीतच, तो उतरून घेईल, शुद्ध करायला जाणार नाही. बोलता येत नसेल तर चित्र चालेल, खूण करून दाखविली आणि घरच्याने लिहिली तर ‘खूण अमक्याची, लिहिणार आई’ असे स्पष्ट छापावे. आईबापांना स्वतःचे सांगायचे असेल तर त्यांचा रकाना वेगळा. तक्रार कारखान्याविरुद्ध असली तरी घ्यावी. शेतकी खात्याविरुद्ध असेल तर ती माझ्याकडे न देता सरळ कार्यालयात द्यावी म्हणजे संकोच नको. सभेत फळा लावण्याचे आणि पुढच्या दोन बाका राखण्याचे मी मा. कार्यकारी संचालकांच्या कानावर घातले आहे, फळ्याला त्यांचा होकार आहे. बाकांचे बघतो म्हणाले, कारण तिथे आजवर कोण बसते ते आपणा सर्वांस ठाऊक आहे!

मजकूर महिन्याच्या २० तारखेपर्यंत गट कार्यालयात पोचावा. कागदाखाली नाव छापायचे की नाही, आणि छापायचे तर कोणते, हे सांगणाऱ्याने ठरवावे.